असेंब्लर रूटीनला पॅरामीटर किती आले ते कळावं कसं? (कोबॉल, पीएल/वन, सी)

स्पूलवाला

नमस्कार मंडळी,

आमच्या आयबीएम मेनफ्रेमवर संदेश छापणारं एक असेंब्लर रूटीन आहे, माझ्या नोकरीपेक्षा जुनं. पहिला पॅरामीटर संदेशाचा क्रमांक, त्यापुढे त्या संदेशात भरायची मूल्यं. कधी एकही मूल्य नसतं, कधी दोन असतात, जास्तीत जास्त आठ. कोबॉलमधून ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय. आता एक पीएल/वन प्रोग्रॅम आणि एक सी मॉड्यूल त्यालाच कॉल करायला लागलेत आणि तिथे घोळ सुरू झालाय.

पीएल/वनमधून क्रमांक बरोबर पोचतो, पण मजकुराच्या जागी कचरा छापला जातो. त्यानंतर कधी सॉक-४ (नको त्या मेमरीला हात लावल्याचा अबेंड, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच कोसळणं), कधी काहीच नाही. सीमधून तर अबेंडही होत नाही, मुकाट्याने भलताच संदेश येतो.

रूटीनचा सोर्स वाचला. ते रजिस्टर १ पासून चार-चार बायटींचे पत्ते उचलतं आणि ऋण पत्ता दिसला की थांबतं. माझे प्रश्न दोन. प्रत्येक भाषेकडून यादी अशीच बनवून घ्यायची कशी? आणि उलट्या दिशेने, कोबॉल सबप्रोग्रॅमला कोणी कमी पॅरामीटर दिले तर त्याला ते कळतं का?

---

तेरावा_रजिस्टर

"ऋण पत्ता" म्हणजे काय ते आधी बघू, बाकीचं त्यातूनच उलगडेल.

आयबीएमचं सिस्टम/३६० आलं १९६४ साली. पत्ता २४ बिटांचा, शब्द ३२ बिटांचा, म्हणजे प्रत्येक पत्त्याच्या डोक्यावर एक अख्खी बाईट मोकळी. संकेत असा ठरला: रजिस्टर १ मध्ये यादीचा पत्ता, यादीत प्रत्येक पॅरामीटरचा पत्ता, आणि शेवटच्या पत्त्याचा सर्वात वरचा बिट चालू. असेंब्लरच्या कॉल मॅक्रोला शेवटी व्हीएल लिहिलं की ही खूण बसते. शब्द चिन्हासहित वाचला तर तो ऋण दिसतो, म्हणून तुमचं रूटीन एलटीआर करून (चिन्ह तपासून) बीएमने (ऋण असेल तर उडी मारून) बाहेर पडत असणार. पुढे १९८३ मध्ये एमव्हीएस/एक्सए या ऑपरेटिंग सिस्टमबरोबर पत्ते ३१ बिटांचे झाले. ३२ का नाही, याचं उत्तर इथेच आहे. तो एक बिट सोडला म्हणून अशी असंख्य रूटीनं जशीच्या तशी चालत राहिली.

पण या खुणेला "इथे यादी संपली" याच्यापलीकडे काहीही सांगता येत नाही, आणि तेवढंही कॉल करणाऱ्याने ती लावली असेल तरच. यादीत मोजणी नाही, प्रत्येक मूल्याची लांबी नाही, प्रकार नाही.

शून्य पॅरामीटरसुद्धा या संकेतात नीट बसत नाही. कॉल मॅक्रोला यादीच दिली नाही तर तो रजिस्टर १ ला हात लावत नाही, तिथे आधीचं जे असेल ते तसंच राहतं. तेव्हा "एक किंवा अधिक" खुणेने कळतं, "शून्य किंवा अधिक" कळत नाही. तुमच्या रूटीनच्या लेखकाने संदेश क्रमांक सक्तीचा ठेवलाय. शहाणा माणूस असावा.

खूण नसेल तर लूप यादीच्या पुढे चालत राहतो. पुढे बऱ्याचदा आधीच्या एखाद्या लांब कॉलचे शिळे पत्ते पडलेले असतात. ते खरे पत्ते असतात, त्यामुळे चाचणीत अबेंड होत नाही आणि सगळं ठीक वाटतं. "कधी सॉक-४, कधी काहीच नाही" हे त्यातलंच.

कोबॉलचं म्हणाल तर बाय रेफरन्सने (म्हणजे पत्ता देऊन) केलेल्या कॉलमध्ये कंपायलर ही खूण स्वतः लावतो. म्हणून तुम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही.

---

नेमकी

पीएल/वनचा भाग मी घेते.

स्पूलवाला, तुमच्या प्रोग्रॅममध्ये त्या रूटीनचं एंट्री डिक्लेरेशन बघा. ऑप्शन्स(असेंब्लर) लिहिलेलं नसेल, पैजेवर सांगते.

पीएल/वनला दुसऱ्या बाजूलाही पीएल/वनच आहे असं वाटत असतं. स्ट्रिंग, अ‍ॅरे किंवा स्ट्रक्चर द्यायचं तर घेणाऱ्याला लांबी आणि मिती कळायला हवी, म्हणून ती डिस्क्रिप्टर पाठवते. यादीतला पत्ता तुमच्या मजकुराकडे जात नाही, एका लोकेटरकडे जातो. लोकेटरच्या पहिल्या चार बायटींत खऱ्या मजकुराचा पत्ता असतो. तुमचं रूटीन तो पत्ताच मजकूर समजून छापतंय. संदेश क्रमांक साधा फिक्स्ड बिन(३१), त्याला डिस्क्रिप्टर लागत नाही, म्हणून तो बरोबर पोचतो.

ऑप्शन्स(असेंब्लर) दिलं की डिस्क्रिप्टर जात नाहीत, थेट डेटाचे पत्ते जातात आणि शेवटच्यावर खूण बसते. एका ओळीत तुमची दोन्ही दुखणी जातील. जोडीला रेटकोड लिहिलंत तर रजिस्टर १५ मधला रिटर्न कोड प्लिरेटव्ही या बिल्ट-इनने वाचता येईल.

एक सावधगिरी. कॅरॅक्टर व्हेरिइंग दिलंत तर मजकुराआधी दोन बायटींची लांबी असते. ती डिस्क्रिप्टरमध्ये नसून डेटाचाच भाग आहे, त्यामुळे या ऑप्शनने जाणार नाही. रूटीनला साधा कॅरॅक्टर हवा असेल तर साधाच द्या.

---

वजाबाकी

आता सी.

एक्सपीलिंक (रजिस्टरांतून पॅरामीटर देणारी नवी कॉल-पद्धत) नसलेल्या सीमध्ये रजिस्टर १ यादीकडेच बोट दाखवतं, पण यादीत पत्त्यांऐवजी मूल्यं असतात. इंट ५ दिला तर यादीत ५ बसतो. असेंब्लर त्याला पत्ता समजतं आणि पत्ता ५ वर जाऊन वाचतं.

अबेंड का होत नाही? मेमरीच्या तळाशी पीएसए (सिस्टमची स्वतःची राखीव जागा) आहे आणि त्याचा सुरुवातीचा भाग कुठल्याही प्रोग्रॅमला वाचायला मोकळा आहे. लिहायला गेलात तर सॉक-४ येईल. वाचलंत तर कचरा मिळेल आणि काम पुढे चालू. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरून आलेल्यांना हे पटत नाही, कारण तिकडे शून्य पॉइंटर वाचला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो.

मजा म्हणजे मजकूर कॅर पॉइंटरने दिला असेल तर तो पॅरामीटर बरोबर पोचतो, कारण पॉइंटरचं मूल्य म्हणजे पत्ताच. म्हणजे अर्धी यादी बरोबर, अर्धी चूक. माणूस तासन्तास भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय: त्या फंक्शनसाठी प्रॅग्मा लिंकेज लिहून त्यात ओएस द्या. मग पॉइंटर तसाच जातो आणि साध्या इंटची प्रत करून त्या प्रतीचा पत्ता जातो. शेवटच्या पत्त्यावर खूण बसली की नाही हे मात्र एकदा डम्पमध्ये डोळ्यांनी बघा. मजकुराची लांबी ठरलेली असेल तर मोकळ्या जागा भरून द्या, कारण सीच्या स्ट्रिंगचा शेवट शून्य बाईटने होतो आणि तुमच्या रूटीनला त्याचं सोयरसुतक नाही.

एक्सपीलिंकने कंपाइल केलेलं असेल तर गोष्टच वेगळी. तिथे पॅरामीटरचे पहिले तीन शब्द रजिस्टर १, २, ३ मध्येच जातात. प्रॅग्मा नसेल तर तिथे यादी शोधण्यात अर्थ नाही.

आणि सीच्या व्हीए_आर्गला ही पत्त्यांची यादी वाचता येते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. व्हीए_आर्गला मूल्यं हवी असतात, आणि थांबायचं कधी हे तिलाही कळत नाही. प्रिंटएफ फॉरमॅट स्ट्रिंगमधली टक्क्याची चिन्हं मोजतं म्हणून थांबतं.

---

काना_मात्रा

वाचतोय, छान चाललंय. पण दुसरा प्रश्न राहिला. कोबॉल सबप्रोग्रॅममध्ये पाच पॅरामीटर घोषित आहेत आणि कोणी तीनच दिले, तर चौथ्याचा अ‍ॅड्रेस ऑफ नल आहे का असं विचारून चालणार नाही का? आमच्याकडे सगळीकडे तसंच लिहिलंय.

---

तेरावा_रजिस्टर

कॉल करणाऱ्याने चौथ्या जागी ओमिटेड असं स्पष्ट लिहिलं असेल तर चालेल. तेव्हा यादीत त्या जागी शून्य पत्ता जातो आणि नलची चाचणी खरी ठरते. आयबीएमने सांगितलेली रीत हीच. नुसतं "दिलं नाही" म्हणजे ओमिटेड नव्हे. यादी तीनवर संपली तर चौथी जागा यादीचा भागच नाही, तिथे काय असेल याला कसलीही हमी नाही. आज नल दिसलं म्हणून उद्या, दुसऱ्या कंपायलरवर, दुसऱ्या भाषेतून कॉल आल्यावर दिसेलच असं नाही.

आणि नल न तपासता तो पॅरामीटर मूव्ह केलात तर वजाबाकींनी सांगितलेला पीएसए तुमच्या रिपोर्टमध्ये छापला जाईल, तोही विनाअबेंड.

खरंच मोजायचं असेल तर जुनी युक्ती आहे. कोबॉलला स्वतःचं रजिस्टर १ बघता येत नाही, पण ते जपून ठेवलेलं असतं. प्रोग्रॅम सुरू होताना रजिस्टर १४ ते १२ हे कॉल करणाऱ्याच्या ७२ बायटींच्या सेव्ह एरियात साठवतो. तेव्हा एक छोटं असेंब्लर रूटीन लिहायचं आणि कोबॉलने प्रोसिजर डिव्हिजनच्या सुरुवातीलाच त्याला कॉल करायचं. त्या रूटीनमध्ये शिरताना रजिस्टर १३ कोबॉलच्या सेव्ह एरियाकडे असतं. तिथून ४ बायटींवर मागच्या सेव्ह एरियाचा पत्ता. त्या मागच्यात २४ बायटींवर ते रजिस्टर १, म्हणजे कोबॉलला मिळालेली मूळ यादी. आता खूण सापडेपर्यंत मोजा आणि आकडा परत द्या.

मोजताना एक मर्यादा घाला. घोषित पॅरामीटर पाच असतील तर पाचाच्या पुढे जाऊ नका. खूण नसलेली यादी कधी ना कधी येणारच.

---

नेमकी

तेरावा_रजिस्टर काकांची युक्ती चालते, पण नव्या कोडमध्ये मला ती बघायची नाही. दुसऱ्याच्या सेव्ह एरियात हात घालणारं रूटीन सांभाळणारा माणूस दर पिढीत सापडेलच असं नाही.

पीएल/वनमध्ये हे सगळं भाषेतच आहे. पॅरामीटरला ऑप्शनल लिहायचं, कॉलमध्ये मधला पॅरामीटर गाळायचा तर तिथे तारा टाकायचा, आणि आत ओमिटेड बिल्ट-इनने विचारायचं. किती येतील तेच माहीत नसेल तर एंट्रीच्या शेवटच्या पॅरामीटरला लिस्ट अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि घेणाऱ्या बाजूला व्हारग्लिस्टने पहिल्या जादा पॅरामीटरचा पत्ता मिळतो. तरी "किती?" याचं उत्तर तिथेही कोणीतरी द्यावंच लागतं.

शून्य पत्ता म्हणजे "दिलेला नाही" हा संकेत मात्र सगळ्या भाषांत सारखा आहे, आणि त्याचा रोजचा पुरावा म्हणजे लँग्वेज एन्व्हायर्नमेंटच्या (या सगळ्या भाषांच्या सामाईक रनटाइमच्या) सेवा. शेवटचा फीडबॅक कोड (सेवेचा निकाल) नको असेल तर कोबॉलमध्ये ओमिटेड, पीएल/वनमध्ये तारा, सीमध्ये नल. असेंब्लरमधून तिथे हेक्स ८००००००० जातं: पत्ता शून्य, वर शेवटची खूण.

इथे एक मासा हमखास गळाला लागतो. असेंब्लरमध्ये शब्द शून्याशी ताडून "दिलाय की नाही" तपासणारे शेवटच्या पॅरामीटरला फसतात, कारण खुणेमुळे तो शब्द शून्य नसतोच. आधी वरचा बिट पुसा, मग ताडा. दोन पत्ते सारखे आहेत का हे बघतानाही तेच.

---

बॅकआउट_बहाद्दर

आयएमएसवाल्यांच्या (आयबीएमच्या जुन्या डेटाबेसवाल्यांच्या) वतीने एक प्रतिसाद. खूण की मोजणी हा वाद आमच्याकडे केव्हाच निकालात निघाला आहे आणि दोन्ही पक्ष जिंकलेत.

डीएल/वनचा (आयएमएसच्या डेटाबेस-भाषेचा) कॉल म्हणजे बदलत्या लांबीच्या यादीचा नमुनाच: फंक्शन, पीसीबी (कुठला डेटाबेस ते), आयओ एरिया आणि मग शून्य ते १५ एसएसए (शोधाच्या अटी). कोबॉलमधून सीबीएलटीडीएलआयला कॉल करताना मोजणी दिली नाही तरी चालते, कारण खूण असते. पीएल/वनमधून पीएलआयटीडीएलआयला मात्र पहिला पॅरामीटर म्हणून पुढच्या पॅरामीटरांची संख्या द्यावीच लागते, फुलवर्डमध्ये. असेंब्लरच्या एएसएमटीडीएलआयला दोन्हींपैकी एक द्या, मोजणी तरी नाहीतर व्हीएल तरी.

म्हणून पीएल/वनच्या जुन्या प्रोग्रॅमांत तीन, चार, पाच अशा नावांची फिक्स्ड बिन(३१) चलं दिसतात, आत तोच आकडा भरलेला. नवखे हसतात. पण मला विचाराल तर मोजणी देणारी पद्धतच बरी. खूण लावायची राहिली तर कळायला मार्ग नाही. मोजणी चुकली तर निदान ती सोर्समध्ये दिसते.

---

काना_मात्रा

अवांतर: जेसीएलच्या (जॉब चालवायच्या भाषेच्या) पार्ममध्येही असंच काही असतं ना?

---

तेरावा_रजिस्टर

तिथे पॅरामीटर एकच, लांबी बदलती. रजिस्टर १ पासून एक पत्ता, त्यावर खूण, आणि त्या पत्त्यावर अर्ध्या शब्दात लांबी, मग मजकूर. पार्मला १०० अक्षरांची मर्यादा आहे. झेड/ओएस २.१ मध्ये, २०१३ साली, पार्मडीडी आलं, त्यातून ३२,७६० बायटींपर्यंत देता येतं. पार्मसाठी पीआयसी एक्स(१००) घोषित करून लांबी न बघता अख्खे शंभर मूव्ह करणारे प्रोग्रॅम तुमच्याकडेही असतील. लांबी १२ असेल तर १३ व्या अक्षरापासून पुढचं तुमचं नाही.

रेक्स या स्क्रिप्ट-भाषेने तर दोन्ही प्रश्न एकदम सोडवलेत. आयआरएक्सएक्झेकच्या (रेक्स प्रोग्रॅम चालवणाऱ्या रूटीनच्या) यादीत प्रत्येक पॅरामीटरसाठी पत्ता आणि लांबी अशी जोडी, आणि शेवटी आठच्या आठ बायटी हेक्स एफएफ. उलट रेक्समधून प्रोग्रॅमला कॉल करताना लिंकएमव्हीएसने दिलंत तर प्रत्येक मूल्याआधी अर्ध्या शब्दाची लांबी चिकटते, लिंकपीजीएमने दिलंत तर चिकटत नाही. तुमचं संदेश-रूटीन कोणी रेक्समधून वापरणार असेल तर लिंकपीजीएमच घ्या.

---

स्पूलवाला

सर्वांचे आभार. ऑप्शन्स(असेंब्लर) टाकलं, पीएल/वनचा प्रश्न मिटला. नेमकीताई, पैज तुम्ही जिंकलात. सीमध्ये प्रॅग्मा घातला, डम्पमध्ये खूण दिसली, क्रमांकही बरोबर येतोय.

आता एक उपप्रश्न. एका कोबॉल प्रोग्रॅममध्ये किती मूल्यं द्यायची हे चालू असतानाच ठरतं, फाइलवर अवलंबून. सध्या इव्हॅल्युएट लिहून नऊ वेगवेगळे कॉल केलेत: एक पॅरामीटर, दोन पॅरामीटर, असे नऊपर्यंत. चालतंय, पण बघवत नाही. कॉलच्या युझिंगमध्ये पॅरामीटरची संख्या बदलती ठेवायची काही सोय आहे का?

---

वजाबाकी

भाषेत नाही. तुमचं रूटीन बदलता येत असेल तर सरळ टेबल आणि मोजणी द्या, दोनच पॅरामीटर, विषय संपला.

---

स्पूलवाला

रूटीन बदलायला परवानगी नाही. त्याला हात लावायचा तर कॉल करणाऱ्या सगळ्यांची चाचणी मागतात.

---

तेरावा_रजिस्टर

मग यादी स्वतः बांधा. कोबॉलमध्ये नऊ पॉइंटरांचं टेबल घ्या आणि त्याच्यावर एस९(९) कॉम्प-५ चं तसंच टेबल रिडिफाइन करा. साधं कॉम्प नको, ट्रंक(एसटीडी) हा कंपायलर ऑप्शन असेल तर नऊ अंकांच्या पुढचं कापलं जाईल. हव्या तेवढ्या जागांत सेट ... टू अ‍ॅड्रेस ऑफ करून पत्ते भरा. शेवटच्या भरलेल्या जागेत, रिडिफाइन केलेल्या आकड्यातून २१४७४८३६४८ वजा करा. झाली खूण चालू. दर कॉलला पत्ते नव्याने भरा, म्हणजे आधीची खूण मध्येच राहून यादी अर्ध्यात तुटणार नाही.

आता ही यादी रजिस्टर १ मध्ये घालणारा मधला माणूस हवा. चार सूचनांचं असेंब्लर पुरतं. कोबॉलने त्याला दोन गोष्टी द्यायच्या: ते टेबल आणि मूळ रूटीनचा फंक्शन-पॉइंटर. प्रोसिजर-पॉइंटर नको, तो आठ बायटींचा असतो. आत असं:

एल १५,४(,१) : दुसऱ्या पॅरामीटरचा पत्ता
एल १५,०(,१५) : त्यातून मूळ रूटीनचा पत्ता
एल १,०(,१) : रजिस्टर १ आता तुमच्या टेबलकडे
बीआर १५ : उडी

सेव्ह एरिया लागत नाही, कारण १ आणि १५ सोडून कशालाही हात लावलेला नाही. १३ कोबॉलचंच, १४ कोबॉलचंच. मूळ रूटीन काम संपवून थेट कोबॉलकडे परतेल, मध्ये कोणी होतं हे कोणालाच कळणार नाही. ट्रेसबॅकमध्येही दिसणार नाही, म्हणून कोबॉलमधल्या त्या कॉलवर चार ओळींची टिप्पणी नक्की लिहा.

---

नेमकी

हे मात्र मला आवडलं, आणि मी सहसा काकांच्या युक्त्यांच्या विरोधात असते. फक्त ३१ बिटांपुरतं, हे त्या टिप्पणीतच लिहा. कोबॉल ६.३ पासून ६४ बिटी कंपाइल करता येतं, आणि ६४ बिटी लँग्वेज एन्व्हायर्नमेंट म्हणजे एक्सपीलिंकच. आठ बायटींच्या पत्त्यात खुणेसाठी बिट शिल्लक नसतो. जुनी चार बायटी यादी ६४ बिटी असेंब्लरमधून वाचायची वेळ आली तर एल नव्हे, एलएलजीटी वापरायचं. ते खालचे ३१ बिट घेतं आणि बाकीचे शून्य करतं, नाहीतर खूण पत्त्यातच मिसळते.

---

स्पूलवाला

काल रात्रीच्या बॅचला लावलं. नऊ कॉलचा इव्हॅल्युएट काढून टाकला, मधल्या मॉड्यूलला चार सूचना आणि अकरा ओळी टिप्पणी. रिव्ह्यू करणाऱ्याने एकच शेरा मारलाय: "सेव्ह एरिया कुठे आहे?" त्याला हा धागा पाठवतोय.